आभाळाची ताडपत्री

टोपी उडाली तेव्हा मी आधीच वैतागलेला होतो, हे पहिल्यांदा सांगून टाकतो. नाहीतर लोक म्हणतात, म्हातारा एका टोपीवरून एवढा तडकला. टोपीचं काही नाही. होड्यांना वाट द्यायला पूल वर गेला होता, मी पोचायच्या नेमका आधी. आयुष्यभर हेच. ह्या शहरात पावलोपावली पूल, आणि मला घाई असली की त्यातला प्रत्येक पूल अडेल गाढवासारखा मागच्या पायांवर उभा राहतो. वारा असा की डोळ्यांतून घळाघळा पाणी. पूलवाला कोर्नेलिस दोरीला लाकडी बूट बांधून खालून जाणाऱ्या नाखव्यापुढे नाचवत होता, जकात त्यात पडेपर्यंत. आणि मान न वळवता मला म्हणाला, "काय वोल्फर्ट मास्तर, आज आभाळ कसं काय?" हा विनोद तो त्याला मिसरूड फुटल्यापासून मला ऐकवतोय. मी श्रीमंतांच्या दिवाणखान्यांची छतं रंगवतो, ढग, देव, पंखवाली पोरं, म्हणून आभाळ. हसायचं आपण. मी म्हटलं, "तुझ्या तोंडासारखं आहे." तेवढ्यात वाऱ्यानं टोपी उचलली, कठड्यावर एकदा आपटली आणि खाली गेली.

आता खाली बघणं ही माझ्यासाठी सोपी गोष्ट नाही. कापड आम्ही कारखान्यात जमिनीवरच रंगवतो, पण ते छताला ठोकल्यावर जोड बुजवायला, खिळ्यांची डोकी लपवायला फळीवर चढून मान मागे टाकून उभं राहावं लागतं, आणि इतकी वर्षं ते केल्याचं बक्षीस म्हणून माझी मान पुढे वाकेनाशी झाली आहे. सूप पिताना वाटी तोंडाशी न्यावी लागते. बुटाचे बंद माझी बायको ख्रीट बांधते, आणि बांधताना बोलते. "जगात एवढे धंदे असताना," ती म्हणते, "तुला लोकांच्या डोक्यावर बसायचा धंदा बरा सुचला." तर कठड्यावर पोट टेकवून, सगळा कमरेतून वाकून मी खाली बघितलं. पीटनं भरलेली होडी चालली होती, दलदलीतून खणून वाळवलेल्या त्या काळ्या विटा, ज्यांच्यावर सगळं शहर शिजतं आणि शेकतं. विटांच्या ढिगावर ताडपत्री होती, आणि ताडपत्रीवर माझी टोपी. टोपी एका ढगावर बसली होती. ढग माझा होता.

आपला ढग माणूस ओळखतो. मला कुणी विचारू नका कसा. बाई आपली भाकरी ओळखते तसा. खालची कड मी नेहमी पिवळट ठेवायचो, कारण आमच्याकडे खरं ऊन कालव्याच्या पाण्यावरून उलटून छताला लागतं, इटलीहून शिकून आलेल्या शहाण्यांना हे कुणी सांगत नाही. तर पिवळट कड. तिच्या शेजारी उषेच्या रथाचं अर्धं चाक. म्हणजे फान टेसल बाईसाहेबांचा दिवाणखाना, दाराजवळचा कोपरा. त्या कोपऱ्यात काय आहे हे मला झोपेतही पाठ आहे. मी वाकलो, आणखी वाकलो, कोर्नेलिसनं मागून माझा कोट धरला, "अहो मास्तर, जीव द्यायचाय का?" आणि पीटच्या पोत्याखालून बाहेर आलेली लहान पोराची दोन पावलं मला दिसली. वरून. आयुष्यात पहिल्यांदा मी माझं छत वरून बघत होतो, आणि ते चुकलेलं दिसत होतं, सगळंच चुकलेलं, पावलं भोपळ्याएवढी, पाय नाहीतच, आणि मी त्या क्षणीही, देवा, त्या क्षणीही मनात म्हणत होतो की असं वरून बघू नये, हे खालून बघायचं असतं.

ती पावलं सान्येची. सान्ये आमची मुलगी. एकुलती, आणि ती पाच वर्षांची होऊन संपली.

आणि मी निघालो कुठे होतो? त्याच घराकडे. सकाळपासून ख्रीटनं डोकं उठवलं होतं. बाईसाहेब हिवाळ्यात गेल्या, घर त्यांच्या भाच्याकडे आलं, आणि आता वसंतातली साफसफाई तोंडावर. आमच्याकडे त्या दिवसांत सगळं घर उलटं करतात, गालिचे बाहेर, खुर्च्या बाहेर, नवरे बाहेर. बाईसाहेबांच्या घरी दिवाणखाना रिकामा झाला की त्यांची स्वैपाकीण मागच्या दारानं ख्रीटला आत घ्यायची. ख्रीट टोपडं सारखं करायची, दाराजवळच्या कोपऱ्यात उघड्या फळ्यांवर उताणी पडायची आणि वर बघत राहायची. आजूबाजूला मोलकरणी बादल्या आणि ब्रश घेऊन घासत असायच्या, तिच्या भोवतीनं घासायच्या, पाणी तिच्या स्कर्टखाली शिरायचं, पण तिला कुणी उठ म्हणायचं नाही. बाईसाहेब एकदा दारात येऊन गेल्या म्हणे, आणि दार हळूच ओढून घेतलं. दरवर्षी हे. मग घरी येऊन ख्रीट मला फाडून खायची, तेही दरवर्षी. "जा आणि भाच्याला विचार, यंदा मला आत घेतो का," ती आज म्हणाली. "तुला नाही जमत तर मीच जाते आणि त्याच्या पायरीवर बसते." मी म्हटलं, बघू. "बघू नको. श्रीमंत माणूस दिसला की तुझी जीभ टाळ्याला चिकटते. वर बघून बघून तुझी जीभसुद्धा वरच गेलीय." हे ऐकून मी निघालो होतो, मनात भाच्यापुढची वाक्यं जुळवत, महाराज, एक छोटी विनंती, माझी बायको, तुमची जमीन, कुठल्याही बाजूनं जुळवलं तरी वेडेपणाच वाटत होता.

तर आता विचारायची गरजच उरली नव्हती. भाच्यानं छत उतरवलं. उतरवणारच! हल्ली सगळ्यांना पांढरं हवं. चुन्याची नक्षी, पांढऱ्यावर पांढरी, पानं, शिंपले, फिती, जणू छतावर कुणी साय ओतून ठेवली. आभाळ जुनं झालं म्हणतात. आभाळ! आणि त्यातही चिक्कू असतात त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. साबणाच्या भट्टीवाला तो डिडेरिक्स, त्याला खरी नक्षी परवडत असून परवडवायची नाही, म्हणून त्यानं मला सांगितलं, कापडावर खोटी नक्षी रंगव, अशी की चुन्याची वाटली पाहिजे. म्हणजे माझी आभाळं ज्या चुन्यानं घालवली, त्या चुन्याची मी नक्कल करायची. केली. पूर्ण हिवाळा राखाडी आणि पांढरा, पांढरा आणि राखाडी. ख्रीट म्हणाली, "तुझ्या अंगाला हल्ली रंगाचा वासही येत नाही, भिंतीचा येतो." ते कापड तयार होऊन कारखान्यात गुंडाळून उभं होतं, ह्या आठवड्यात ठोकायचं होतं. त्याच्या जोरावर पुढची कामं येणार होती, साबणवाल्याचे दोन भाऊ, मेहुणा. म्हातारपणाची सोय, असं मी ख्रीटला म्हणालो होतो.

"ए नाखवा!" मी ओरडलो. "ते माझं आहे!"

खालून एक दाढीवाला वर बघून हसला. "टोपी? घे की बाबा, मी काय ती खाणार आहे?" त्यानं टोपी उचलली, कोर्नेलिसच्या लाकडी बुटात जकातीबरोबर कोंबली, आणि कोर्नेलिसनं ती ओढून माझ्या डोक्यावर ठेवली. ओली, पीटची पूड लागलेली. "मिळाली की," कोर्नेलिस म्हणाला. मी म्हटलं, "टोपी नाही रे मूर्खा, आभाळ!" तो माझ्याकडे असा बघायला लागला की आता ह्याला घरी पोचवावं की काय.

पीटच्या धक्क्यापर्यंत मी कसा गेलो ते माझ्या गुडघ्यांना विचारा. चालताना डोक्यात सान्येच्या वेळचे ते दिवस फिरत होते. आमच्या माळ्याला झडपेचं दार होतं. ते उघडून सान्येला मी त्या भोकाच्या काठावर बसवायचो, पाय खाली सोडून, आणि स्वतः खाली जमिनीवर उताणा पडून कागदावर काढायचो. छतावरची पंखवाली पोरं अशीच दिसली पाहिजेत, ढगाच्या काठावरून लोंबणारी. तिच्या हातात घावनाचा तुकडा असायचा आणि ती मुद्दाम त्याचे कण माझ्या तोंडावर पाडायची. "बाबा, आ कर." मी म्हणायचो, सान्ये, हलू नकोस. "मी कुठे हलतेय? पायच हलतायत." खाली पडलेल्या माणसाला काय दिसणार? तळवे दिसतात, पोटऱ्या, मग पोटाचा गोळा, त्यामागे हनुवटी आणि एक नाकपुडी. चेहरा त्याच्यापलीकडे असतो. तिचे तळवे म्हणजे काय होते! लाकडी बूट घालायचीच नाही. परसात, धक्क्यावर, पीटवाल्यांच्या पायांत, कुठेही अनवाणी, आणि मग तशीच घरात. ख्रीट पायरी घासून उठते न उठते तोच पायरीवर पाच बोटं. "पाय पूस, भवाने!" दिवसातून हे वाक्य किती वेळा व्हायचं त्याला गणती नाही. शेजारीण म्हणायची, तुमच्या पोरीचं नाव मला आधी भवानेच वाटलं होतं. मी ते तळवे होते तसे रंगवले, टाचेला काळं, चवड्याला तपकिरी, मधल्या खळग्यात तेवढं स्वच्छ. चेहरा नंतर काढू म्हटलं, वेगळा, कागदावर, नीट खुर्चीवर बसवून. घाई काय होती? त्याच हिवाळ्यात देवीची साथ आली.

आणि वसंतात छत ठोकलं गेलं. बाईसाहेब तेव्हा तरुण होत्या, शिडीखाली उभं राहून वर बघत म्हणाल्या, "मास्तर, ह्या एका पोराचे पाय असे का?" मी म्हटलं, पोरं अनवाणी फिरतात. "देवदूत कशाला फिरतील? त्यांना पंख आहेत ना?" बरोबरच होतं त्यांचं. पंख मीच काढले होते. त्यांना काय ठाऊक ते पाय कुणाचे. मी सांगितलं नाही, सांगण्यासारखं तोंड माझ्याकडे तेव्हा नव्हतं. मी शिडीवर चढलो आणि वाळलेल्या वार्निशवरच गुलाबी रंग फासला. वार्निशवर थर नीट धरत नाही हे रंग कुटणाऱ्या गड्यालाही कळतं. मलाही कळत होतं. फासला आणि उतरलो. ख्रीटनं छत बघितलं ते त्यानंतर. पहिल्यांदा बघून घरी आली, टोपडं न काढता बसली आणि म्हणाली, "मला पोरीचं तोंड हवं होतं, तू मला तिचे पाय दिलेस. तेही तिचे नाहीत. इतके स्वच्छ पाय तिचे मी एकदाच बघितले, पुरायच्या आधी. मीच धुतले होते." मी म्हटलं, अगं, आधी मळकेच काढले होते, नंतर बदलायला लावले. "हो, आता सांग." तेव्हापासून आजतागायत, दर वसंतात. मी सांगायचो आणि ती म्हणायची, हो, आता सांग. एखाद्याला वाटेल की मग तिनं जाणंच सोडायचं. नाही सोडलं. आणि चेहरा काढायचा मी प्रयत्न केला नाही असं नाही. कोळसा हातात घेतला की हात आपला तळव्यांपासूनच सुरू व्हायचा.

धक्क्यावर होडी लागली होती आणि हमाल टोपल्या वाहत होते. नाखवा सीत्से हा फ्रीसलंडकडचा, त्याची बोली अशी की अर्धं बोलणं दाढीतच राहायचं. त्याची बायको बाउक सुकाणूपाशी बटाटे सोलत बसली होती. मी म्हटलं, नाखवा, ही ताडपत्री कुठून आणलीस? "कालव्याकाठच्या मोठ्या घरातून. चुनेवाल्यांनी बाहेर टाकली होती. म्हणाले, राडारोडा घेऊन जा आणि हिलाही घेऊन जा. बाकीची जाळली त्यांनी, ही एवढीच धड होती." जाळली. अर्धा रथ जाळला, घोडे जाळले, माझा निळा जाळला, त्या निळ्यासाठी मी कुणाकुणाच्या विनवण्या केल्या होत्या! मला तिथेच बसावंसं वाटलं. पण बसलो तर उठणार कोण. म्हटलं, मला ती परत दे.

"देतो की," सीत्से म्हणाला. "आणि माझा माल भिजवतो. उद्या पाऊस आहे. ही चांगली आहे बघ, तेल पाजलेलं कापड, थेंब आत येत नाही."

"ते तेल नाही, चित्र आहे!"

"असेल. पण थेंब येत नाही."

बाउक तिथून म्हणाली, "देऊन टाक रे त्यांना. मला ती नकोच होती. उघडी बाई आहे तिच्यावर! दिवसाढवळ्या! आमच्या गावच्या धक्क्याला ही घेऊन कसं जायचं, उपदेशक बसतात तिथे पाइप ओढत. मी राखेचं पाणी घेऊन घासायलासुद्धा बसले होते, म्हटलं निदान बाई तरी निघेल."

"घासलंस?" माझा आवाज असा चिरकला की हमाल थांबले. "कुठे घासलंस?"

"ओरडता कशाला? बाईपर्यंत हात नाही पोचला. ह्या कोपऱ्यात थोडं घासलं, मग हातांची आग व्हायला लागली. तेव्हा बाईवर पोतं टाकलं."

तो कोपरा बघायची माझी छाती झाली नाही. पोतं त्याच्यावर अर्धं आलं होतं आणि मी ते उचललं नाही. आता आणखी काय निघालं असेल, आधीच होतं तरी किती. मी फक्त म्हटलं, नाखवा, तुला तेल पाजलेलं कापडच हवं ना? ह्याच्याएवढं? ह्याच्यापेक्षा नवं? तो म्हणाला, "कापड असेल तर मला ह्या बाईचं काय लोणचं घालायचंय?" मी पाववाल्याची ढकलगाडी मागितली, कारखान्यात गेलो आणि साबणवाल्याची नक्षी त्या गाडीवर घातली. घालताना मनानं एकदा विचारलं, वोल्फर्ट, शुद्धीवर आहेस का? एका पोराच्या पायांसाठी, तेही घासलेल्या, म्हातारपणाची सोय पीटवर अंथरणार? मी मनाला म्हटलं, तू गप्प बस, तुझं ऐकूनच वार्निशवर गुलाबी फासला होता.

बाउकनं नवं कापड उलगडून बघितलं. पानं, शिंपले, फिती. तिनं बोट लावून बघितलं, मग नख. "अगंबाई, हे चुन्याचं नाहीच! खोटं आहे!" पूर्ण हिवाळ्याच्या कामाला मिळालेली ती पहिली आणि शेवटची शाबासकी. पण लगेच तिचा चेहरा पडला. "पांढरं आहे हो. काळ्या मालावर पांढरं? दोन दिवसांत त्याची काय दशा होईल!" मी म्हटलं, बाई, उलटं घाला. "हां, मग चालेल," ती म्हणाली. सीत्सेनं दोन झटक्यांत ते पीटवर उलटं टाकलं आणि कडेला दोरी आवळली. माझं आभाळ त्यांनी गुंडाळायच्या ऐवजी घडी करायला घेतलं, तेव्हा मी पुन्हा एकदा ओरडलो, आणि बाउक नवऱ्याला म्हणाली, "गरीब बिचारा. घरी कुणी आहे की नाही कोण जाणे."

घरी होती. दारातच होती, पायरी घासत. मी गाडी घेऊन येताना दिसलो तशी उभी राहिली. "काय म्हणाला भाचा?" माझी जीभ खरंच टाळ्याला चिकटली होती. मी गुंडाळी आत घेतली, टेबल बाजूला सारलं आणि कापड जमिनीवर सोडलं. पीटची काळी पूड सगळ्या खोलीभर उडाली, तिच्या पांढऱ्या फरशीवर, तिच्या तांब्याच्या भांड्यांवर. मला वाटलं आता त्याच्यावरून सुरू होईल. ती भुकटीकडे बघत नव्हती. ती कापडाकडे बघत होती, त्याच्या भोवतीनं एकदा फिरली. आणि म्हणाली, "उतरवलं."

"उतरवलं," मी म्हटलं.

"आणि हे असं दिसतं?" तिचा आवाज चढला. "इतकी वर्षं मी ज्याच्याखाली पडले ते हे? बेडूक आहे हा! पाय कुठे आहेत ह्याला?" मी म्हटलं, अगं बये, वरून बघू नको, हे वरून बघायचं नसतं, खालून— "मग खालून बघू कशी? जमीन खणू?" आणि ती टोपलीतून कात्री घेऊन आली. काय करतेस, काय करतेस, म्हणेपर्यंत तिनं रथाच्या चाकातून कात्री घातली. चाक गेलं. उषेचं कोपर गेलं. ती कापत होती जशी फडक्याची चौकट कापावी, बाकीच्या आभाळाचं तिला काही पडलेलं नव्हतं. पोराच्या भोवतीनं, पंखांसकट, नाही, एक पंख तिनं कापून टाकला. "पंख राहू दे ना!" मी म्हटलं. "कशाला?" ती म्हणाली. "तिला कुठे होते?"

मग तिनं कोमट पाणी आणि साबण आणला. डिडेरिक्सचाच साबण, आमच्या घरात दुसरा कुठला असणार. मी म्हटलं, घासू नकोस, एकीनं आधीच घासलंय. ती म्हणाली, "घासत नाही, पुसतेय. पीट लागलंय सगळ्याला." पोट पुसलं, ते उजळ झालं. पोटऱ्या पुसल्या, उजळल्या. तळव्यांशी आली आणि तिचा हात तिथेच फिरत राहिला. मी खुर्चीत बसून छताकडे बघत होतो, मला बघवत नव्हतं. "वोल्फर्ट," ती म्हणाली, "हे जात नाही रे." मी म्हटलं, जाणार नाही, तेलात मुरलं असेल, राहू दे. "टाचेला काळं आहे. चवड्याला तपकिरी आहे. मध्ये नाहीये." मी छतावरची नजर काढली. "मधल्या खळग्यात नाहीये," ती म्हणाली. "पीट असं बघून बघून लागतं का?"

मी उठलो, कमरेतून वाकलो, खुर्चीची पाठ धरून आणखी वाकलो. गुलाबी गेला होता. राखेच्या पाण्यानं त्या फ्रीसलंडच्या बाईनं वार्निश धुऊन काढलं होतं आणि त्याच्याबरोबर गुलाबी, साफ, कडेला दोन पापुद्रे तेवढे लोंबत होते, आणि खाली माझे ब्रशचे फटकारे जसेच्या तसे, तरुण हाताचे, घाईतले, कारण ती पाय हलवत होती. "पीट नाही ते," मी म्हटलं. "ते मी काढलेलं आहे. आधीचं." ख्रीट हातात फडकं घेऊन गुडघ्यांवर बसली होती. मी वाट बघत होतो, हो, आता सांग, ह्या वाक्याची. इतक्या वर्षांच्या सवयीनं. ती म्हणाली नाही. तिनं फडकं बादलीत टाकलं आणि ॲप्रनला हात पुसले, पुन्हा पुन्हा, कोरडे झाले तरी.

"वर लाव," ती म्हणाली.

वर कुठे? आमच्या खोलीचं छत म्हणजे कडीपाट, त्याला माझा हात पोचत नाही आणि शिडीवर आता मला ती चढू देत नाही. शेवटी भिंतीतल्या आमच्या बिछान्याच्या आत, त्या कपाटासारख्या खोबणीला वरून ज्या फळ्या आहेत त्यांना. मी म्हटलं, तिथे नको, हे सोळा फुटांवरून बघायला काढलंय, एवढ्या जवळून सगळं मोडतं, हनुवटी पोटात जाईल, नाकपुडी— "खिळे आण," ती म्हणाली. मग मी आत उताणा पडलो, तोंडात खिळे, आणि ठोकत गेलो. सांगायची गोष्ट म्हणजे उताणं पडल्यावर माझी मान दुखत नाही. ख्रीट बाहेरून कापड धरून होती आणि शिव्या घालत होती, डावीकडे, अरे डावीकडे, तुझं डावं, आयुष्यभर छतं ठोकलीस ना? खिडकीतून अजून चांगलं ऊन येत होतं. ते कालव्याच्या पाण्यावरून उलटून आत येत होतं आणि फळ्यांवर हलत होतं, त्यामुळे कापडावरचं सगळंच जरा जरा हलल्यासारखं दिसत होतं.

शेवटचा खिळा झाल्यावर ती बूट काढून आत आली आणि माझ्या शेजारी पडली. दोघंही कपड्यांसकट, भर दुपारी, केसांत पीट. उद्या साबणवाला येईल, मी म्हटलं, त्याची नक्षी मी ह्याच्या बदल्यात देऊन टाकली, त्याला काय सांगू? "सांग, भिजली," ती म्हणाली. मी म्हटलं होतं तसंच झालं होतं. एवढ्या जवळून हनुवटी पोटात गेली होती, नाकपुडी कुठे दिसतही नव्हती, सगळं प्रमाण चुकलं होतं. दोन तळवे तेवढे होते, आमच्या तोंडावर, हातभर अंतरावर. हे तिला समजावून सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात ख्रीटनं हात वर नेला आणि काळ्या टाचेवर हलकीच एक चापट मारली.

"पाय न पुसता गादीवर आलीस ना, भवाने?"